बेळगावच्या टिळकवाडीतलं व्यसनमुक्ती क्लिनिक, गोळ्यांच्या व्यसनासाठी दाखवायचं असेल तर वाचा (4 स्टार)

ट्रकवर पाठ दुखते म्हणून आमच्या थोरल्या भावाने ट्रामाडॉल ह्या वेदनाशामक गोळ्या घ्यायला सुरुवात केली आणि मग सुटेचनात. 2018 पासून ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय तरी त्याला कुठून ना कुठून मिळतच होत्या. खानापूरच्या पाहुण्यांनी हे क्लिनिक सांगितलं.

डॉक्टर मराठीत बोलतात, आणि आईला समोर बसवून बोलले हे फार बरं केलं, कारण ती सारखी म्हणायची मनावर घेतलं की सुटेल. डॉक्टर म्हणाले, मावशी, मेंदूतले लांबलांबचे भाग मिळून काम करतात, त्याला नेटवर्क म्हणतात, एक महत्त्वाचं काय ते हेरतं, एक आवर घालतं, एक आपण आपल्याच विचारात असलो की चालतं. ओपिऑइडचं, म्हणजे ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या औषधांचं, व्यसन असलेल्यांच्या अभ्यासात ह्यांच्यातली जोडणी बदललेली दिसते, गोळीची आठवण झाली की तेवढंच महत्त्वाचं वाटतं आणि आवर कमी पडतो. त्या दिवसापासून घरातली शिवीगाळ थांबली.

मी विचारलं मग एमआरआय काढू काय, पैशाची सोय करतो. सरळ नको म्हणाले. त्या अभ्यासांतल्या एमआरआयमध्ये माणूस शांत पडलेला असताना रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून कुठले भाग एकत्र चालतात ते बघतात, पण निष्कर्ष पुष्कळ लोकांच्या सरासरीवरून निघतो, एकट्याचं व्यसन त्यावरून ठरत नाही, आणि बदल गोळ्यांनी झाला की आधीचाच होता हेही एका स्कॅनमध्ये कळत नाही. असं सांगणारा डॉक्टर मिळणं अवघड आहे बघा.

औषध ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन, जिभेखाली ठेवायचं, गिळायचं नाही. गोळी बंद केल्याचा त्रास, म्हणजे जांभया, नाक गळणं, अंग मोडणं, सुरू होईपर्यंत थांबवून मगच पहिला डोस दिला, लवकर दिला तर त्रास उलट वाढतो म्हणाले. आधी एका ठिकाणी नुसतं ॲडमिट करून अंगातनं काढलं आणि घरी पाठवलं, पुढचं औषध काहीच नाही, मग परत सुरू. इथे बजावून सांगितलं की काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, मग जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून जीव जातो.

एक स्टार कापला कारण फॉर्म फक्त कन्नड आणि इंग्रजीत, आणि काउंटरवर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात कशाचं व्यसन म्हणून. हे बदलायलाच पाहिजे, भाऊ तिथूनच परत फिरायला निघाला होता.

लवकर जा, गर्दी असते, आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. यायला जमत नसेल तर 14446 ह्या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.