तोरणमाळचा यशवंत तलाव: पहाटे की संध्याकाळी?
सातपुड्यात १,००० मीटरहून उंचावरचा हा तलाव काठाकाठाने फिरत टिपायचा, तर माझा कौल पहाटेला. वारा पडलेला, पाणी आरशासारखं. हिवाळ्यात त्यावर धुकं तरंगतं. कॅमेरा पाण्यालगत नेला की प्रतिबिंब भरून दिसतं. ते प्रत्यक्ष डोंगरापेक्षा थोडं काळसर येतं, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, आकाशावर बेतावं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, लेन्सवर फिरणारा फिल्टर) मात्र जपून फिरवा, नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जातं. थोडी पावलं चाललं की चौकट बदलते. इथे मी कधीच घाई करत नाही.

संध्याकाळचा उजेड सोनेरी, पण वाऱ्याने पाणी हलत राहतं. आभाळात ढग असतील तर मात्र जरूर थांबा, सूर्य बुडाल्यावरही.

खानदेशातल्या उन्हाळ्याची दुपार? तेव्हा कॅमेरा पिशवीतच बरा.