एलिझाबेथ की मेरी स्टुअर्ट: लघुप्रबंधासाठी कोणती राणी निवडावी?

तीन वर्षांच्या आत एकाच बेटावर दोन तरुण राण्यांनी धर्मावरून दुभंगलेली राज्यं हाती घेतली. इंग्लंडची एलिझाबेथ 17 नोव्हेंबर 1558 रोजी गादीवर आली, तेव्हा ती 25 वर्षांची होती. स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट नावापुरती तान्हेपणापासूनच राणी होती. पण वाढली फ्रान्समध्ये. तिथला राजा असलेला नवरा वारल्यावर ती 19 ऑगस्ट 1561 रोजी लीथ बंदरात उतरली आणि अठराव्या वर्षी खरा कारभार सुरू झाला.

इतिहासाच्या लघुप्रबंधाला यांतली एकच घ्यायची असेल, तर आधी काळाची चौकट आखा: एलिझाबेथची 1558 ते 1563, मेरीची 1561 ते 1565. मेरीचा 1587 मधला शिरच्छेद डोक्यात ठेवून वाचायला बसलात, तर तिचा प्रत्येक निर्णय चुकलेलाच दिसेल. सुरुवातीच्या चार वर्षांत ती खरं तर बरीच सावध होती.

दोघींची अडचण एकमेकींच्या उलट होती. एलिझाबेथ प्रोटेस्टंट, पण तिच्या हाती आलेलं चर्च कॅथलिक. मेरी कॅथलिक, पण तिच्या येण्याआधीच, ऑगस्ट 1560 मध्ये, स्कॉटिश पार्लमेंटने पोपचा अधिकार नाकारून मिस्सावर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेवर, बंदी घातली होती. तिसऱ्यांदा सापडल्यास देहदंड.

एलिझाबेथचं पहिलं कोडं राज्याभिषेकाचं. मुकुट चढवायचा मान ज्याचा, तो कँटरबरीचा आर्चबिशप रेजिनल्ड पोल हा आधीची राणी मेरी ट्यूडर वारली त्याच दिवशी वारला होता. शेवटी 15 जानेवारी 1559 रोजी कार्लाइलचे बिशप ओगलथॉर्प यांनी मुकुट चढवला. त्याआधी नाताळच्या मिस्सात याच बिशपने कॅथलिक रीतीप्रमाणे पवित्र भाकर उंचावली, तेव्हा राणी उठून निघून गेली होती. पार्लमेंटमध्येही गाडी अडली. सगळ्या चर्चमध्ये एकच प्रार्थनापुस्तक लागू करणारा धार्मिक एकरूपतेचा कायदा उमरावांच्या सभागृहात 21 विरुद्ध 18 असा जेमतेम पार पडला. मतदानापूर्वी दोन विरोधक बिशपांना लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबलं होतं, हे विसरून ही संख्या वाचू नका. एलिझाबेथने चर्चचं ‘सर्वोच्च प्रमुख’ऐवजी ‘सर्वोच्च प्रशासक’ असं पद घेतलं. रविवारी चर्चला गैरहजर राहिल्यास 12 पेन्स दंड ठरला. प्रार्थनापुस्तकात तर भाकर देताना म्हणायची, 1549 आणि 1552 च्या जुन्या प्रार्थनापुस्तकांतली वाक्यं सलग जोडली: पहिल्यात कॅथलिक मनाला आपला अर्थ सापडे, दुसऱ्यात प्रोटेस्टंट मनाला. तडजोड म्हणजे काय, हे समजायला ही एक ओळ पुरेशी आहे. तरीही एक अपवाद सोडला, तर पदावरच्या सगळ्या बिशपांनी राणीचा चर्चवरचा हा अधिकार मानण्याची शपथ नाकारली आणि त्यांना दूर करावं लागलं.

मेरीचा मार्ग अधिक सौम्य होता, असं आमचं मत. 24 ऑगस्ट 1561 रोजी, पहिल्याच रविवारी, एडिंबरामधल्या होलीरूड राजवाड्याच्या खासगी चॅपेलमध्ये मिस्सा झाली. बाहेर आरडाओरडा सुरू झाल्यावर तिचा सावत्र भाऊ लॉर्ड जेम्स दारात उभा राहिला. तो स्वतः प्रोटेस्टंट होता. दुसऱ्याच दिवशी जाहीरनामा निघाला: मी आले तेव्हा धर्माची जी स्थिती होती, तीत अंतिम निर्णय होईपर्यंत कुणी ढवळाढवळ करू नये. पुढे 1562 मध्ये जुन्या चर्चच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग वसूल करून तो राजसत्ता आणि नवे धर्मोपदेशक यांच्यात वाटायची सोय झाली. कॅथलिक राणीने प्रोटेस्टंट उपदेशकांचा पगार चालवला, असा दाखला त्या काळात दुर्मीळच.

पण तिने 1560 चे कायदे मंजूरही केले नाहीत आणि रद्दही केले नाहीत. एलिझाबेथची तडजोड कायद्यावर उभी होती. मेरीची जाहीरनाम्यावर आणि लॉर्ड जेम्सच्या पाठिंब्यावर. 29 जुलै 1565 रोजी तिने आपला चुलत नात्यातला उमराव लॉर्ड डार्नली याच्याशी लग्न केलं, जेम्सने बंड केलं आणि तो आधारच गेला. एलिझाबेथने स्पेनचा राजा फिलिप याची लग्नाची मागणी 1559 मध्येच परतवली होती, म्हणून लग्नाचा मुद्दा दोन्हीकडे तपासायलाच हवा.

आता साधनांचं. एलिझाबेथवर इतकं लिहून झालंय की विषय आवळला नाही, तर प्रबंध पसरतो. 25 जानेवारी ते 8 मे 1559 या एकाच अधिवेशनावर काम करा. मेरीच्या बाबतीत प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्सने लिहिलेला इतिहास उघड विरोधकाचा आहे. इंग्लंडचा प्रतिनिधी थॉमस रँडॉल्फ याची पत्रं बारकाव्यांनी भरलेली, पण तीही परक्या दरबारासाठी लिहिलेली. मेरीची स्वतःची पत्रं बरीचशी फ्रेंचमध्ये आहेत.

तारखांत हमखास चूक होते. तेव्हा दोन्ही राज्यांत नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी 1567 मधला डार्नलीचा खून जुन्या कागदांत 1566 मध्ये सापडतो. तसंच मेरी ट्यूडर (एलिझाबेथच्या आधीची राणी), मेरी ऑफ गीझ (मेरी स्टुअर्टची आई) आणि मेरी स्टुअर्ट या तिघी वेगळ्या. टिपणं काढताना आडनाव प्रत्येक वेळी लिहा.

एकाच सत्राची मुदत असेल, तर एलिझाबेथ घ्या. वर्षभर हाती असेल आणि फ्रेंच वाचता येत असेल, तर मेरीच घ्यावी. मराठीत तिच्या या चार वर्षांकडे नीट पाहायला भरपूर वाव आहे.