गोकुळ शिरगावच्या डायनोवर ऑक्टाव्हिया व्हीआरएस: कागदावर ३००, रोलरवर २४७

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या रोलर डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून गाडीची पॉवर मोजायचं मशीन) गाडी लावायचा विचार करत असाल तर बिनधास्त जावा, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येतंच.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१७ ची, २.० टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचा आकडा २३० पीएस पॉवर आणि ३५० एनएम टॉर्क (फिरवायची ताकद), पण हा क्रँकचा म्हणजे इंजिनवरचा आकडा हां, चाकावरचा नव्हे. स्टेज १ रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) मी दुसऱ्या एका शहरात करून घेतलेला आणि तिथल्या ट्यूनरनं सोबत डायनोचा कागद दिलेला, त्यावर ठळक अक्षरात ३०० एचपी. गाडी पळते एक नंबर, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण कागद घेऊन नीट बसलं की हिशोब काही केल्या जुळेना.

कसं असतंय, डायनोच्या ग्राफवर पॉवर आणि टॉर्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच, एकातून दुसरी निघते. एनएम गुणिले आरपीएम भागिले ७१२१ केलं की एचपी येतो. टॉर्क पाउंड-फुटात असेल तर भागायचं ५२५२ नं, म्हणून तर अमेरिकन ग्राफवर दोन्ही रेघा एकाच स्केलवर असल्या की बरोबर ५२५२ आरपीएमला एकमेकींना कापतात, कापत नसतील तर ग्राफमध्ये घोळ आहे. माझ्या कागदावर ५५०० आरपीएमला टॉर्क ३५० एनएम. ३५० गुणिले ५५०० भागिले ७१२१, येतात २७०. आणि पॉवरची रेघ तिथंच ३०० दाखवतीय. म्हणजे टॉर्क चाकावरचा ठेवलाय आणि पॉवरला मात्र वरून १.११ नं गुणून "इंजिनची पॉवर" म्हणून छापलंय. तुमच्याकडं कुठलाही डायनोचा कागद असेल तर मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून ही एवढी एक गोष्ट आधी तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता इथला अनुभव. गाडी आत घेतल्यावर पहिल्यांदा टायरची हवा बघितली, पुढच्या दोन्हीत ३५ पीएसआय केली आणि शीटवर लिहिली सुद्धा. पट्टे बांधताना डायनोचे मालक स्वतः खाली वाकून दोन्ही बाजूचा ताण हातानं बघत होते, कारण पट्टा जास्त आवळला की टायर रोलरवर दाबला जातो आणि तेवढी पॉवर टायरच खातो. मग ट्रॅक्शन कंट्रोल बंद, मॅन्युअलला टाकून चौथा गिअर, आणि पाय किकडाउनच्या (पेडल तळाला गेल्यावर लागणाऱ्या) खटक्याच्या अलीकडं थांबवायचा, नाहीतर डीएसजी मध्येच गिअर टाकतो आणि रन (एक मोजणी) फुकट जातो. सगळे रन ह्याच गिअरात झाले. ही शिस्त बघूनच मला माणूस पटला.

मी ३०० चा कागद पुढं केला तर ते म्हणाले, "भावा, चाकावर जेवढं येतंय तेवढंच मी छापतो. इंजिनवर किती, हे ह्या मशीनला कळत नाही." लई मोठी गोष्ट आहे ही. ड्राइव्हट्रेन लॉस, म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंत वाटेत जाणारी पॉवर, १० टक्के धरायचा का १५ का २०, ह्यावर कुणाचंच एकमत नाही, आणि जो तो आपल्याला सोयीचा धरतो. काही ठिकाणी गाडी न्यूट्रलला घरंगळू देऊन लॉस मोजतात, पण लोड नसताना मोजलेला लॉस फुल लोडला तेवढाच राहत नाही, त्यामुळं तो पण अंदाजच.

आधी स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) टाकून रन घेतले, मग माझी स्टेज १ फाइल, त्याच दिवशी, त्याच पट्ट्यांवर, गाडी खाली न उतरवता. स्टॉकला १९९ आणि स्टेज १ ला २४७, दोन्ही चाकावर, दोन्ही विनाकरेक्शन, म्हणजे हवामानासाठी आकडा न वाढवता. फरक ४८ चा. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातला खरा आकडा हाच ४८. तालमीतला पैलवान काटा बदलत नाही, त्याच काट्यावर महिन्याभरानं परत उभा राहतो, तसंच हे. दुसऱ्याच्या डायनोवरचे २७० आणि माझे २४७ शेजारी ठेवून भांडायला अर्थच नाही.

तरी २७० कुठून आले ते पण त्यांनी मांडून दाखवलं आणि मला तो भाग सगळ्यात आवडला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्या दिवशी हवेचा दाब ९४८ मिलिबार. एसएई जे १३४९ हे स्टँडर्ड २५ डिग्री तापमान आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरतं, त्या हिशोबानं इथली हवा पातळ, म्हणून सॉफ्टवेअर आकड्याला साधारण १.०९ नं गुणतं. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला हे बरोबर आहे कारण हवा पातळ तशी त्याची पॉवर खरोखरच घटते. पण आजकालच्या टर्बो गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेला बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) गाठायला टर्बोला जास्त फिरवून तो कमीपणा बराचसा भरून काढतो. म्हणजे गाडीनं एकदा भरून काढलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा भरतंय. २४७ गुणिले १.०९ म्हणजे २७० च्या आसपास, आणि त्याला परत १.११ लावा, आले ३००! ज्या शहरात रिमॅप केला त्याची उंची पण आपल्यासारखीच आहे, त्यामुळं हिशोब जिथल्या तिथं बसला. माझ्या गाडीतली पॉवर कुठं गेली नव्हती, कागदावर दोनदा फुगवली होती. हे करणं चुकीचं आहे, गिऱ्हाईक ह्याच आकड्यावर विश्वास ठेवून पुढचे पार्ट घेतं.

इथं मला करेक्टेड आणि अनकरेक्टेड दोन्ही शीट मिळाल्या आणि स्मूदिंग (ग्राफची रेघ किती गुळगुळीत करायची ती सेटिंग) किती ठेवलंय ते पण खाली छापलेलं. स्मूदिंगचं महत्त्व मला तिथंच स्क्रीनवर दिसलं. ५ वर ठेवलं की रेघ लोण्यासारखी, ० वर आणलं की ४२०० आरपीएमला टॉर्कमध्ये जवळपास २० एनएमचा खड्डा. मालकांनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि शेजारच्या लॅपटॉपवर त्याच आरपीएमचा लॉग (ईसीयूची नोंद) उघडला, तर तिसऱ्या सिलिंडरचं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पाच डिग्री मागं घेतलेलं. इनटेकची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पहिल्या रनला ४१ डिग्री, तिसऱ्या रनला ५८. हवा तापली, इंधन अवेळी पेटल्याची ठोक नॉक सेन्सरनं ऐकली, ईसीयूनं टायमिंग ओढलं, आणि आकडा २४७ वरून २३८. एवढं सगळं एका खड्ड्यात होतं, आणि जुन्या कागदावर मस्त सरळ रेघ.

त्यांना वाटलं असतं तर तिथंच मला डाउनपाइप (टर्बोच्या पुढचा एक्झॉस्टचा पाइप) आणि स्टेज २ (पार्ट बदलून पुढचा रिमॅप) गळ्यात मारता आला असता. उलट म्हणाले आधी मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा) घाला, आत्ता जे आहे ते टिकू द्या.

आणि सगळे पीकचंच, म्हणजे सगळ्यात वरच्या आकड्याचंच बोलतात पण ग्राफचा मधला भाग बघा राव. ३००० आरपीएमला चाकावर ३०५ एनएम होते ते ३६८ झाले. गगनबावड्याला घाटात ट्रकच्या मागून बाहेर काढताना कोण ५५०० ला बसलेलं असतंय? पाय दिला की लगेच जे येतंय ते हेच. इथलं मशीन ब्रेकवालं (रोलरला धरून लोड देणारं) असल्यामुळं हा भाग भरवशाचा दिसतो, नुसत्या इनर्शिया ड्रमवर (जड ड्रम फिरवून मोजणारं मशीन) गाडी सरसर वर जाते, टर्बोला भरायला पुरेसा लोड आणि वेळ मिळत नाही आणि ग्राफचा खालचा भाग वेगळाच येतो.

आता अर्धा गुण. पंखा एकच आहे आणि तो रोडवरच्या वाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, तिसऱ्या रनच्या घसरणीत त्याचाही हात आहे. मालकांनी दोन रनमध्ये चांगलं थांबून गाडी गार करून दिली, तरी अजून एक मोठा पंखा पाहिजेच. दुसरं म्हणजे ग्राफचा फोटो आपणहून पाठवतात, पण रनची मूळ फाइल आणि लॉग मागावा लागतो. मागितल्यावर लगेच दिला, तरी लक्षात ठेवून पेन ड्राइव्ह न्या. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी इथं चालत नाही, रोलरची एकच जोडी आहे. उन्हाळ्यात सकाळचा पहिला नंबर घ्या, शेड तापायच्या आत.

इंटरकूलर सांगून ठेवलाय. बसला की परत तिथंच लावणार, तोच चौथा गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा, आणि ह्या वेळेला तिसरा रन पहिल्याच्या किती जवळ राहतो तेवढं बघणार.