वायरचा टाइमर रिमोट: दोन वर्षं वापरल्यावर

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचं ठरवलं तेव्हा आधी ट्रायपॉड घेतला आणि लगोलग हा टाइमर रिमोट. इंटरव्हलोमीटर म्हणतात तो हाच. मुठीत मावेल एवढा प्लॅस्टिकचा डबा, एक मोठं बटण, छोटा पडदा, दोन ट्रिपल-ए सेल आणि कॅमेऱ्याला जोडायची वायर. कंपनी फारशी नावाजलेली नाही. तरी गेल्या दोन वर्षांत याच्याशिवाय मी एकही रात्र फोटो काढायला गेले नाही.

बहुतेक कॅमेऱ्यांत शटर जास्तीत जास्त ३० सेकंद उघडं ठेवता येतं. त्यापुढे बल्ब मोड, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं. चार मिनिटं बोटाने बटण धरून ठेवलं की कॅमेरा हलतोच. रिमोट ते बटण माझ्या वतीने धरून ठेवतो आणि सेकंद मोजतो. आतली रचना अगदी साधी आहे. तीन तारा असतात, त्यातली एक सामायिक. दुसरी तिला जोडली की अर्धं बटण दाबल्यासारखं होतं, फोकस सुरू होतो; तिसरी जोडली की शटर उघडतं. रिमोट वेळ पाहून तारा जोडतो आणि सोडतो, बस. कॅमेरा त्याला उलट काहीच कळवत नाही.

हे मला एका रात्रीने शिकवलं. ताऱ्यांच्या रेषा हव्या होत्या, म्हणजे ओळीने काढलेले अनेक फोटो एकत्र केले की तारे सरकल्याच्या दिसतात त्या. कॅमेऱ्यावर ३० सेकंद लावले, रिमोटवर ३१ सेकंदांचा इंटरव्हल, म्हणजे दर ३१ सेकंदांनी एक इशारा, आणि दोन तास शेजारी बसून राहिले. २३२ फ्रेम यायला हव्या होत्या, आल्या ११६. सगळ्या एकत्र केल्यावर रेषांऐवजी तुटक तुटक ठिपके दिसले. फार वाईट वाटलं, कारण इतकं स्वच्छ आकाश पुन्हा कधी मिळेल सांगता येत नव्हतं. नंतर शोधलं तेव्हा कारण समजलं. शटर उघडं राहण्याच्या वेळा दुपटीने वाढतात: १, २, ४, ८, १६, ३२. कॅमेऱ्यावर १५ लिहिलेलं असतं तिथे प्रत्यक्षात १६ सेकंद, आणि ३० लिहिलेलं असतं तिथे ३२. माझा रिमोट एकतिसाव्या सेकंदाला इशारा द्यायचा तेव्हा शटर अजून उघडंच असायचं, म्हणून तो इशारा वाया जायचा. एक फ्रेम निघायची, एक चुकायची. आता ३० सेकंदांसाठी मी ३४ चा इंटरव्हल ठेवते.

आणखी एक घोळ इथेच आहे. माझ्या रिमोटात इंटरव्हल एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीपर्यंत मोजला जातो. काही रिमोट तो फ्रेम संपल्यापासून मोजतात. नवीन रिमोट आला की आधी दिवसा घरात तपासा. ५ सेकंदांचं एक्स्पोजर, १० सेकंदांचा इंटरव्हल लावा. दर १० सेकंदांनी शटर उघडलं तर पहिला प्रकार, १५ लागले तर दुसरा.

ताऱ्यांच्या सलग रेषांसाठी मात्र मी टाइमर वापरणंच सोडलं. कॅमेरा सलग शूटिंगवर ठेवते, शटर ३० वर, आणि रिमोटचं बटण पुढे सरकवून लॉक करते. एक फ्रेम संपली की लगेच दुसरी, मध्ये जवळपास खंड नाही. फोकस आधीच मॅन्युअलवर हवा, नाहीतर अंधारात लेन्स फोकस शोधत राहते आणि शटर उघडतच नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय, बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून एक काळी फ्रेम घेतो. एकच चार मिनिटांचा फोटो असेल तर ठीक, रेषांमध्ये मात्र अर्धं आकाश हरवतं.

दिवसा याचा खरा उपयोग पाण्यावर होतो. १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळी काच, प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो. १/८ सेकंदाचं एक्स्पोजर दोन मिनिटांच्या थोडं पुढे जातं आणि लाटांचं धुकं होतं. तेव्हा कॅमेऱ्यावर बल्ब मोड, रिमोटवर लाँगमध्ये (शटर किती वेळ उघडं) २ मिनिटं ८ सेकंद, डिलेमध्ये ५ सेकंद, म्हणजे बटण दाबल्यावर ट्रायपॉड स्थिर व्हायला वेळ मिळतो. आरशाच्या कॅमेऱ्यात (डीएसएलआर) व्ह्यूफाइंडर झाकायला विसरू नका. मागून शिरलेल्या प्रकाशाने माझे दोन फोटो जांभळट झाले आहेत.

तक्रारी आहेत. पडद्याचा दिवा काही सेकंदांत विझतो आणि पुन्हा लावायचं बटण हातमोज्यातून सापडत नाही. याला बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे सेल हळूहळू उतरत राहतात. वायर जॅकपाशी नाजूक आहे. मी ती ट्रायपॉडच्या पायाला रबरबँडने बांधते म्हणजे ताण येत नाही.

घेण्याआधी कॅमेऱ्यावरचं वायर लावायचं तोंड नीट पाहा. कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांत २.५ मिलिमीटरचा गोल जॅक असतो, वरच्या मॉडेलांत तीन पिनांचा वेगळाच. एकाचा रिमोट दुसऱ्यात बसत नाही. म्हणून वायर वेगळी काढता येते असाच रिमोट निवडा. मी कॅमेरा बदलला तेव्हा फक्त वायर नवी घेतली, डबा तोच आहे.