टाउपोच्या खचदरीत प्लॉट: भ्रंशाजवळचा घ्यावा की मैदानातला?

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टाउपो तलावापासून बे ऑफ प्लेंटीच्या किनाऱ्यापर्यंत जमीन दरवर्षी काही मिलिमीटर फाकते आहे. ज्वालामुखींच्या या खचदरीत घरासाठी जागा बघताना पेच साधारण असा पडतो: एक प्लॉट टेकाडाच्या कडेला, पण नकाशावर त्याला खेटून भ्रंशाची, म्हणजे जिच्यावर जमीन सरकते त्या भेगेची, लाल रेघ. दुसरा नदीकाठच्या मैदानात, रेघेपासून चार किलोमीटर लांब. रेघ दिसली की माणूस बिचकतो आणि मैदान पसंत करतो. माझं मत उलटं आहे.

जागेवर जाऊन पाहिलं तर ती रेघ म्हणजे कुरणातली एक पायरी असते. कुंपणाची तार तिच्यावरून खाली उतरते, गायी वर-खाली दोन पातळ्यांवर चरतात. भ्रंश पुन्हा सरकला तर जमीन बहुधा याच पट्ट्यात फाटणार, आणि त्यावर पाया असेल तर घराचं काही खरं नाही. पण पट्टा अरुंद असतो. 2003 सालच्या सरकारी मार्गदर्शक सूचना भ्रंशपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना 20 मीटर मोकळे सोडायला सांगतात. प्लॉट ऐसपैस असेल तर हा धोका चक्क टेप लावून टाळता येतो.

दुसरा प्रश्न, भ्रंश किती वर्षांनी सरकतो? इथे ज्वालामुखीच मदतीला येतात. भ्रंशावर आडवा चर खणला की राखेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात. इ.स. 232च्या सुमारास टाउपोच्या उद्रेकातून पडलेला प्यूमिसचा (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा) फिकट थर अखंड असेल, तर त्यानंतर तिथे जमीन फाटलेली नाही. तुटून खाली-वर झाला असेल, तर फाटली आहे. त्या सूचनांनुसार, आधीच पाडलेल्या प्लॉटवर साधं लाकडी सांगाड्याचं घर पट्ट्यात बांधायचं तर दोन हालचालींमधलं सरासरी अंतर 2000 वर्षांहून जास्त हवं. कोऱ्या जमिनीवर 3500हून जास्त. सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता मैदान. 2 मार्च 1987 रोजी याच खचदरीतल्या एज्कम गावाजवळ 6.5चा भूकंप झाला. त्याआधी सातेक मिनिटं एक लहान धक्का बसला होता. वीज गेली, लोक बाहेर आले, हे नशीबच. जमीन सुमारे 7 किलोमीटर फाटली, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त खाली-वर झाली. पण नुकसान फाटेपुरतं राहिलं नाही. गाळाच्या मैदानात वाळू पाण्यासकट उसळून वर आली. एज्कमभोवतालचं रांगिटाइकी नदीचं मैदान काही भागात दोन मीटरपर्यंत खचलं. 80 टनांचं रेल्वे इंजिन आडवं झालं. या धोक्याला 20 मीटरची हद्द नसते. शिवाय खचलेल्या जमिनीवर पुराचं पाणी यायला वाट सोपी: एप्रिल 2017मध्ये नदीची पूरभिंत फुटली आणि एज्कम रिकामं करावं लागलं.

आणखी एक, नदीचा गाळ भ्रंशाच्या खुणा पुरून टाकतो. मैदानात रेघ नाही म्हणजे खाली भ्रंश नाही, असं धरून चालू नका.

हादरे दोन्हीकडे बसणार, राखही दोन्हीकडे पडू शकते, त्यामुळे ज्वालामुखीच्या भीतीने निवड बदलत नाही. (1922मध्ये टाउपोला महिनोन्‌महिने धक्के बसले, तलावाचा काठ तीन मीटरहून जास्त खचला, उद्रेक मात्र झाला नाही.) सरकारी आपत्ती विमाही दोन्हीकडे सारखाच, घराला 3,00,000 डॉलर आणि वर कर, पण घराचा खासगी अग्निविमा असेल तरच.

माझा कौल टेकाडाला. दोन अपवाद. प्लॉट इतका चिंचोळा असेल की 20 मीटर सोडून घर बसतच नाही, तर नको. आणि कौन्सिलच्या लिम अहवालात (स्थानिक कौन्सिलकडे त्या जमिनीची जी माहिती असते ती देणाऱ्या अहवालात) भ्रंशाची जागा ‘अनिश्चित’ लिहिली असेल, तर रेघ नेमकी कुठून जाते हे भूवैज्ञानिकाकडून तपासून घेतल्याशिवाय करारावर सही करू नका. तपासणीत पट्टा घराच्या जागेखालीच निघाला, तर मैदानातला प्लॉट घ्या, पण खालच्या वाळूची चाचणी करून आणि पायाचा वाढीव खर्च किमतीत धरून.