७७५ सॉकेटच्या जुन्या संगणकासाठी कूलर : पुश-पिनचा घ्यावा की बॅकप्लेटचा?

इंटेलच्या ७७५ सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत, बसणारा कोअर २ क्वाड क्यू६६०० हा प्रोसेसर ज्यांच्याकडे अजून चालू आहे आणि तो २.४ गिगाहर्ट्झवरून ३ किंवा त्याच्याही पुढे नेण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, ज्यांचा विचार आहे, त्यांना खरी निवड करावी लागते ती कूलरची. पंखा वरून खाली फुंकणारा मूळचा गोल कूलर ३ गिगाहर्ट्झपर्यंत कसाबसा साथ देतो, पण उन्हाळा सुरू झाला की त्याचा आवाज खोलीभर होतो. त्याच्या जागी काय बसवायचे याचे दोन व्यवहार्य पर्याय आहेत. पहिला म्हणजे चार प्लास्टिकच्या पुश-पिनांनी वरच्या वर बसणारा, ९२ मिलिमीटर पंख्याचा टॉवर, म्हणजे धातूच्या पातळ पंखांचा उभा कूलर. दुसरा म्हणजे मदरबोर्डाच्या पाठीला बॅकप्लेट (आधाराची प्लेट) लावून स्क्रूने आवळायचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर. मी हे दोन्ही एकाच पी३५ चिपसेटच्या बोर्डावर, त्याच प्रोसेसरवर वापरले आहेत. पुढे लिहिले आहे ते त्या वापरावरून. प्रयोगशाळेतल्या मोजमापाचा त्याला आधार नाही.

२००७ साली आलेल्या या प्रोसेसरवर आज खर्च करावा का, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती या पिढीच्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, कारण तिला प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन) यात नाहीत. त्यामुळे माझ्या संगणकावर एका डिस्कवर लिनक्स आहे आणि दुसऱ्या डिस्कवर, इंटरनेटपासून तोडलेली, विंडोज एक्सपी आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये जुळवलेली जुनी पुस्तके आणि स्मरणिका उघडायच्या असतील, तर एक्सपीवर चालणारे डीटीपी (पाने जुळवण्याचे) सॉफ्टवेअर आणि त्याचे हार्डवेअर लॉक (ते चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी किल्ली) यांना अजून सोयीचा पर्याय मला सापडलेला नाही. एसएसडी आणि ८ जीबी डीडीआर२ मेमरी हे दोन बदल ज्यांनी अजून केलेले नाहीत, त्यांनी ते आधी करावेत. त्यांचा फरक ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त जाणवतो.

किती उष्णता वाढणार आहे, याचा अंदाज आधी घ्यावा. प्रोसेसरचा वीजवापर ढोबळमानाने क्लॉकच्या (वेगाच्या) प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्यू६६००चा गुणक ९ आहे आणि तो वर नेता येत नाही, म्हणून वाढवायचा तो एफएसबी, म्हणजे ज्याला गुणकाने गुणून क्लॉक मिळतो तो बसचा मूळ वेग, मेगाहर्ट्झमध्ये. २६६वरून ३३३वर नेला की ३ गिगाहर्ट्झ मिळतात, आणि बऱ्याच प्रोसेसरांना त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागत नाही. म्हणजे उष्णता सव्वापट. तोच ४००वर नेऊन ३.६ गिगाहर्ट्झ गाठायचे आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५वरून १.४वर न्यायचे म्हटले, तर हिशेब जवळजवळ १.९ पटीवर जातो. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर एसएलएसीआर असा कोड असेल, तर तो जी० स्टेपिंगचा (घडणीच्या सुधारित आवृत्तीचा), ९५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि त्याच्या झाकणाची कमाल तापमानमर्यादा ७१ अंश आहे. एसएल९यूएम असेल, तर तो आधीचा बी३, १०५ वॉटचा, आणि मर्यादा ६२.२ अंश. बी३ हाती असेल, तर कूलरची निवड आणखी जपून करावी.

आता पुश-पिनच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलतो, कारण ते थोडे नाही. हा टॉवर ठेंगणा असतो. आपल्याकडे त्या काळी सर्रास विकल्या गेलेल्या अरुंद कॅबिनेटमध्ये तो बाजूचे पॅनेल न अडता बसतो, मेमरीच्या स्लॉटवर येत नाही, वजनाने हलका असतो आणि किमतीतही कमी पडतो. ३ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज न वाढवता, त्याची थंड करण्याची क्षमता मला कधी अपुरी वाटली नाही. मूळच्या कूलरपेक्षा आवाज स्पष्टपणे कमी होतो, रात्री शेजारी बसून वाचन करता येईल इतका. केवळ उष्णता वाहून नेण्याचा विचार केला, तर ३ गिगाहर्ट्झवर थांबणाऱ्याला मोठ्या टॉवरची गरज आहे असे मी म्हणणार नाही.

माझे मत दुसरीकडे झुकले ते त्या चार पिनांमुळे. या पिनेची रचना अशी आहे की बाहेरचा पांढरा भाग टोकाशी चिरलेला असतो, तो बोर्डाच्या भोकातून पलीकडे जातो, आणि वरून काळी पिन दाबली की ती त्या चिरलेल्या पायांमध्ये घुसून त्यांना फाकवते. पाय फाकले की पिन अडकते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबायच्या, 'टक्' असा आवाज ऐकायचा, मग दुसरी जोडी. पहिल्या तीन सहसा नीट बसतात. चौथी बसवताना बोर्ड खाली वाकलेला असतो, कारण उरलेल्या तिघींचा ताण तिच्या कोपऱ्यावर आलेला असतो, आणि ती जागा नेमकी टॉवरच्या पंखांखाली, बोट जेमतेम पोहोचेल अशी असते. आवाज येतो, पिन वरून बसल्यासारखी दिसते, हलवून पाहिली तर घट्टही वाटते. पण मागच्या बाजूला पाहावे तर एक पाय भोकातून बाहेर आलेला असतो आणि दुसरा दुमडून आतच राहिलेला असतो.

क्यू६६००मध्ये हा दोष लपत नाही. या प्रोसेसरच्या झाकणाखाली दोन स्वतंत्र चिप शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येकीत दोन गाभे (कोअर) आहेत. कूलर एका बाजूला किंचित उचललेला राहिला, की लोड आल्यावर दोन गाभ्यांची जोडी दुसऱ्या जोडीपेक्षा ठळकपणे गरम दिसू लागते. झाकण आतून सोल्डरने जोडलेले असल्यामुळे आतली उष्णतावाहक पेस्ट वाळली असेल अशी शंका घेण्याचे कारण नसते. गाभ्यागाभ्यात थोडाफार फरक असतोच आणि संगणक निवांत असताना या पिढीचे सेन्सर फारसे भरवशाचे नसतात, हे मान्य आहे. पण पूर्ण लोडवर जोडीजोडीत पडलेली तफावत कूलरखालची पेस्ट बदलूनही तशीच राहिली, तर संशय पिनेवर घ्यावा. माझ्याकडे ती तफावत पिना पुन्हा बसवल्यावर जात असे आणि काही काळाने परत येत असे. टॉवर बोर्डातून आडवा बाहेर आलेला असतो, त्याचे वजन वरच्या दोन पिनांना सतत ओढत असते, आणि प्लास्टिक रोज तापते आणि निवते. जुना कूलर घेतला असेल, तर ते प्लास्टिक आधीच कडक झालेले असते. आपल्याकडच्या धुळीमुळे उन्हाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत कूलर उतरवावाच लागतो, आणि प्रत्येक वेळी बाणाच्या दिशेने पाव वळण देऊन पिन सोडवली, की तिचे पाय वाकलेल्या जागी आणखी पांढरे पडलेले दिसतात. असा सांधा किती दिवस धरून राहील, हे सांगता येत नाही. आणि ज्या संगणकाला मी त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतो आहे, त्याच्या बाबतीत ही अनिश्चितता मला बाळगायची नव्हती.

पुश-पिनची सर्वांत मोठी सोय म्हणून जी सांगितली जाते, ती म्हणजे बोर्ड कॅबिनेटमधून काढावा लागत नाही. बॅकप्लेटसाठी तो काढावाच लागतो, कारण जुन्या कॅबिनेटमध्ये सॉकेटच्या मागच्या पत्र्याला खिडकी नसते. एक संपूर्ण दुपार त्यात जाते, समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी कुठे होत्या याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा लागतो, हे सगळे खरे आहे. परंतु पुश-पिन नीट बसली की नाही याची खात्री फक्त मागून पाहूनच होते, आणि मागून पाहायचे तर बोर्ड बाहेर काढणे आलेच. म्हणजे ज्याला खात्री हवी आहे त्याच्यासाठी ही सोय उरतच नाही. उलट बॅकप्लेट एकदा लावली, की पुढच्या प्रत्येक सफाईला कूलर वरूनच काढता येतो. स्प्रिंग असलेले चार स्क्रू आळीपाळीने, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळत जायचे. ते टेकले की हाताला कळते. त्या जोडीजोडीतल्या तफावतीची तक्रार मला त्यानंतर करावी लागलेली नाही, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला.

बॅकप्लेटच्या टॉवरच्या अडचणीही आहेत आणि त्या कॅबिनेट पाहिल्याशिवाय कळत नाहीत. १२० मिलिमीटरचे टॉवर साधारण १६० मिलिमीटर उंच असतात. त्या काळच्या अनेक कॅबिनेटच्या बाजूच्या पॅनेलला प्रोसेसरच्या समोर प्लास्टिकचे एक नळकांडे असते, बाहेरची हवा थेट कूलरवर पडावी म्हणून दिलेले. टॉवर पहिल्यांदा अडतो तो या नळकांड्याला. ते स्क्रू काढून वेगळे होते आणि त्यामागची जाळी तशीच ठेवावी; आत येणारी थंड हवा बंद करू नये. मूळची ती व्यवस्था कूलरपाशी येणारी हवा ३८ अंशांची धरून आखलेली होती. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीचीच हवा त्याच्या वर जाते, तेव्हा तिकडच्या वाचकांनी मोठ्या टॉवरकडे वळण्याचे हे एक वेगळे कारण समजावे. पट्टीने आतली खोली मोजल्याशिवाय मात्र खरेदी करू नये.

बंद वळणाचा, नळ्यांतून द्रव खेळवणारा लिक्विड कूलर का नको, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसरजवळ असलेल्या चिपमध्ये, आहे. या पिढीत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून नॉर्थब्रिजमध्ये असतो. एफएसबी वाढवला की तोही तापतो, आणि मेमरीचे चारही स्लॉट भरलेले असतील तर अधिकच. मूळचा कूलर वरून खाली फुंकत असल्यामुळे त्याची हवा नॉर्थब्रिज आणि शेजारच्या व्हीआरएमवरून (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावरून) जात असे. टॉवर लावल्यावर ती कमी होते, लिक्विड कूलरने ती जवळजवळ थांबते. प्रोसेसर थंडगार आणि शेजारी हात न लावता येणारा नॉर्थब्रिज, अशी स्थिती मला पसंत नाही. टॉवर लावतानासुद्धा नॉर्थब्रिजच्या हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट बदलावी आणि जमल्यास त्यावर एक लहान पंखा मंद वेगाने चालू ठेवावा. बोर्ड बाहेर काढलेलाच असतो, तेव्हा हे काम त्याच बैठकीत उरकते. बॅकप्लेटच्या बाजूने हाही एक मुद्दा धरावा.

ज्यांचे कॅबिनेट खरोखरच अरुंद आहे, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. ठेंगण्या टॉवरच्या पुश-पिना काढून त्या जागी बारीक स्क्रू, स्प्रिंग आणि नायलॉनचे वॉशर लावता येतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना धातू सर्किटला टेकणार नाही, एवढी काळजी घ्यावी. सॉकेटच्या पाठीला कॅपॅसिटर असल्यामुळे ज्या बोर्डांवर सपाट बॅकप्लेट बसत नाही, त्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट दुकानदाराकडून बॉक्स उघडून तपासून घ्यावी. ७७५ सॉकेटच्या भोकांमधले अंतर ७२ मिलिमीटर असते. त्यानंतरच्या ११५६ ते १२०० या सॉकेटांचे ७५ आणि २०२१ साली आलेल्या १७००चे ७८. फरक इतका थोडा आहे की नुसत्या डोळ्यांनी कूलर बसेल असेच वाटते, पण स्क्रू भोकात सरळ उतरत नाही. नव्या कूलरांपैकी अनेकांनी ७७५चा आधार काढून टाकला आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना कूलर घेतला तर टॉवर मिळतो, पंखाही मिळतो, पण ७७५चे स्क्रू आणि बॅकप्लेटच नेमके गायब असतात. ते संच सुटे शोधत फिरण्यात वाचलेले पैसे आणि वेळ दोन्ही जातात. म्हणून पूर्ण संचासह मिळणारा साधा टॉवर, अर्धवट संचासह मिळणाऱ्या नामांकित टॉवरपेक्षा मी आधी उचलेन. आणि पूर्ण संच असलेला बॅकप्लेटचा टॉवर समोर असताना, पैसे थोडे जास्त पडले तरी, पुश-पिनच्या टॉवरकडे मी परत जाणार नाही.