एकप्रतली की द्विप्रतली? गोल्फचा स्विंग निवडताना

एक फटका स्वच्छ लागतो आणि पुढचे दोन चेंडूआधी जमीन खणतात, अशी ज्याची तक्रार आहे, त्याने रोज ग्रिप (क्लबवरची पकड) बदलण्याआधी आपला स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, कोणत्या घराण्याचा आहे हे ठरवावे. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या, टोकाला डावा हात (येथे सर्व वर्णन उजव्या खेळाडूचे आहे) खांद्यांच्या रेषेला जवळजवळ समांतर राहिला, तर तो एकप्रतली स्विंग होय. तो त्या रेषेच्या बराच वर गेला, तर द्विप्रतली. पहिल्यासाठी अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांचे आणि दुसऱ्यासाठी त्यांचेच देशबंधू जॅक निकलॉस यांचे उदाहरण दिले जाते. होगन यांच्या नावावर 9 आणि निकलॉस यांच्या नावावर 18 मेजर (गोल्फमधील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धांची) विजेतेपदे आहेत. तेव्हा श्रेष्ठ कोण, हा वाद येथे निरर्थक आहे.

एकप्रतली स्विंगमध्ये खेळाडू कमरेतून अधिक वाकून उभा राहतो आणि हात धडाबरोबरच फिरतात. हात वेगळे खाली आणावे लागत नसल्यामुळे वेळ साधण्याची कसरत कमी होते, आणि आयर्नच्या (धातूच्या चपट्या तोंडाच्या क्लबच्या) फटक्यांत सातत्य हवे असणाऱ्याला मला हाच मोठा लाभ वाटतो. मात्र पाठीवर ताण येतो, आणि धडाचे फिरणे मध्येच थांबले तर हात पुढे निसटून क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो, व चेंडू डावीकडे वळत जातो, म्हणजे हूक होतो. सुरुवातीच्या काळात खुद्द होगनही हूकमुळे हैराण झाले होते.

द्विप्रतली पद्धतीत उभे राहणे अधिक ताठ असते. निकलॉस यांच्याप्रमाणे डावी टाच उचलू दिली की कंबर मोकळी फिरते, म्हणून दिवसभर खुर्चीत बसून ज्यांची पाठ आखडली आहे त्यांनी हीच वाट धरावी. येथे धोका डाउनस्विंगच्या (क्लब खाली आणण्याच्या) आरंभी असतो: हात खाली येण्यापूर्वी खांदे फिरले, तर क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो, म्हणजे स्लाइस होतो.

दोन्हींचे मिश्रण मात्र कटाक्षाने टाळावे, कारण वाकून उभे राहून हात उंच नेणाऱ्याला एकाच फटक्यात दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या कराव्या लागतात.

निवड योग्य ठरली का, हे गवतावर तपासावे. चुन्याची आडवी रेघ ओढून तिच्यावर चेंडू ठेवावा आणि 7 नंबरच्या आयर्नने मारावा. डिव्हॉट (फटक्याने जमिनीत पडणारा खळगा) रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुरू झाला पाहिजे. रेंजवरील (सरावाच्या मैदानावरील) मॅट या परीक्षेला उपयोगाची नाही, कारण चेंडूमागे आपटलेला क्लबही तिच्यावरून घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि चूक झाकली जाते. काही आठवडे प्रामाणिक सराव करूनही डिव्हॉट रेघेच्या मागेच पडत असेल आणि पाठही कुरकुरत असेल, तर एकप्रतली सोडून ताठ उभे राहण्यास संकोच करू नये.